शेजारची चांदणी यंदा मागच्या दारी

मंडळी, पोस्ट लांब आहे. चहा घेऊन बसा. बातमी नाहीये ही, बातम्या मी पेपरात देतो. हे पेपरच्या दोन कॉलमात मावणारं नाही, म्हणून इथं.

आमच्या गल्लीत माझ्या घरापासून तिसरं घर गुरुजींचं. जिल्हा परिषदेच्या शाळेतून रिटायर झाले त्याला बरीच वर्षं झाली. मावशी नर्स होत्या. गल्लीतल्या निम्म्या पोरांना पहिलं इंजेक्शन मावशींच्या हातचं, त्यात माझी दोन्ही आली. ख्रिस्ती घर. पण ते आम्हाला शेजारी राहून कधी वेगळं सांगावं लागलं नाही. मावशी संक्रांतीला हळदीकुंकवाच्या वाणाला येतात, आमची आई नाताळला त्यांच्याकडं जाते. बस, एवढंच.

गुरुजींची एक सवय. डिसेंबर लागला की अंगणात बसायचं, बांबूच्या कामट्या तासायच्या, दोऱ्यानं बांधायच्या, मैद्याची खळ करून पतंगाचा कागद चिकटवायचा. पाच टोकांची चांदणी. बाजारात शंभर रुपयांत चायनीज स्टार मिळतो, पण गुरुजींना तो पटत नाही. "त्याला हात कुठं लागलाय कुणाचा?" म्हणतात.

आता गंमत ऐका. आमच्या दिवाळीच्या आकाशकंदिलाला आणि त्यांच्या नाताळच्या चांदणीला वायर एकच आहे. कैक वर्षं. तुळशीचं लग्न झालं की मी होल्डरसकट वायर गुंडाळून त्यांच्याकडं देतो. जानेवारीचा पहिला आठवडा सरला की ती परत आमच्याकडं येते आणि माळ्यावर जाते.

यंदाही गुरुजींनी वायर नेली. पण चांदणी काही दिसेना. दहा तारीख झाली, पंधरा झाली. मला वाटलं, गुडघे दुखतात, शिडीवर चढता येत नसेल. म्हटलं आपण लावून देऊ. गेलो. तर चांदणी तयार होती, लावलेली पण होती. मागच्या दारी. धुण्याच्या दगडावर, पपईच्या झाडाकडं तोंड करून.

मी म्हटलं, "मावशी, हे काय?"

मावशी म्हणाल्या, "असू दे रे. लाइट लागली म्हणजे झालं. कशाला उगाच कुणाच्या डोळ्यावर."

गुरुजी काही बोलले नाहीत. पेपर वाचत बसले. तोच पेपर, ज्यात मी लिहितो.

मला कारण माहीत होतं. तुम्हालाही सांगतो, लपवून काय उपयोग. आमच्या गल्लीचा एक व्हॉट्सॲप ग्रुप आहे. पाणी कधी येणार, कचरागाडी आली का, कुणाचं कुत्रं चावलं, असला. डिसेंबरच्या सुरुवातीला त्यावर एक फॉरवर्ड आला. पोरांना सांता बनवू नका, परकीयांचा सण, २५ तारखेला तुळशीपूजन करा, वगैरे. दरवर्षी येतो तोच. यंदा एकानं त्याच्याखाली लिहिलं, "आपल्या गल्लीत पण बघा की, कुणाच्या दारात काय लटकतं." पुढं हसायचे तीन इमोजी. आणखी दोघांनी अंगठा दाखवला.

गुरुजी त्या ग्रुपमध्ये आहेत. आणि ॲडमिन मी आहे.

मी तो मेसेज रात्रीच वाचला. काही केलं नाही. डिलीट केला नाही, उत्तर दिलं नाही. म्हटलं, कशाला वाद, उद्या वर निघून जाईल. सकाळी गुरुजींचा नेहमीसारखा "सुप्रभात" आला, गुलाबाच्या फुलाचा. मला वाटलं, चला, त्यांनी मनावर घेतलं नाही.

घेतलं होतं. चांदणी मागच्या दारी गेली.

तर आता मूळ मुद्दा. माझं म्हणणं असं की नाताळ दोन आहेत, आणि आपण त्यांची गल्लत करतोय.

एक नाताळ बाजारातला. तो मलाही फारसा आवडत नाही. शाळेचा निरोप येतो, उद्या पोराला लाल ड्रेस, पांढरी दाढी. भाड्यानं ड्रेस आणा, संध्याकाळी परत करा. दुकानात प्लॅस्टिकचं झाड, त्यावर कापसाचा बर्फ. आमच्याकडं बर्फ फक्त रसवंतीवर आणि मच्छी मार्केटात बघायला मिळतो. मोबाइलवर "ख्रिसमस सेल". यात ख्रिस्त कुठं नाही आणि आपलं गाव पण कुठं नाही. एखाद्या पालकाला वाटलं की माझ्या पोराला सांता करायचं नाही, तर त्याचा तो अधिकार आहे. शाळेनं सक्ती करू नये. इथपर्यंत मी त्या फॉरवर्डवाल्यांच्या बरोबर आहे.

दुसरा नाताळ घरातला. तो गुरुजींकडं असतो. तो किती जणांनी आतून बघितलाय? मी लहानपणापासून बघतोय, म्हणून सांगतो.

डिसेंबरच्या मध्यावर घराला चुना नाहीतर रंग. भांडी घासून उन्हात. मग फराळ. हो, फराळच म्हणतात. करंजी, चकली, शंकरपाळे, रव्याचे लाडू, चिवडा. करंजीचं सारण आमच्या आईचं आणि मावशींचं एकच, फक्त मावशी खसखस जास्त घालतात, त्यावरून दोघींची जुनी भांडणं आहेत. नानकटाईला घरचा मैदा, पिठीसाखर, डालडा घेऊन बेकरीत जायचं, भट्टीवर नंबर लावायचा आणि पत्र्याचा डबा भरून आणायचा. आपण दिवाळीत तेच करतो. केक कुकरमध्ये. तळाला मीठ पसरलेलं, वर डबा, शिट्टी आणि रबर काढून ठेवलेलं. एका बाजूनं थोडा लागतोच. ती लागलेली कड पोरं भांडून खातात.

कोपऱ्यात गोठा मांडतात. ज्वारीच्या कडब्याचं छप्पर, गव्हाण, त्यात बाळ. मावशी आठ-दहा दिवस आधी वाटीत गहू पेरतात, आपण घटाला पेरतो तसे, म्हणजे गोठ्याभोवती हिरवं दिसतं. आणि गोठ्यातले बैल? ते पोळ्याचे. पोळ्याला कुंभाराकडून मातीचे बैल आणतात, पूजा झाल्यावर आमची आई जपून ठेवते आणि डिसेंबरात मावशी मागून नेतात. म्हणजे येशूच्या गोठ्यात आमच्या पोळ्याचे बैल उभे असतात. यात परकीय कोण ते मला कुणीतरी दाखवा.

भेटवस्तू म्हणाल तर चकचकीत कागदातली पार्सलं मी त्या घरात बघितली नाहीत. घरात सगळ्यांना नवे कपडे. धुणंभांडी करायला येणाऱ्या ताईंना साडी. गल्लीतल्या पोरांना दहाची करकरीत नोट, गुरुजी बँकेतून मुद्दाम बंडल आणतात. आणि शेजारीपाजारी फराळाचं ताट, वर क्रोशाचा रुमाल. चोवीसच्या रात्री गाणारी मंडळी येतात ती ढोलकी आणि झांजा घेऊन. चाली कित्येक भजनाच्याच. लांबून ऐकलं तर एकादशी आहे की नाताळ, कळायचं नाही.

सांताची गोष्टसुद्धा मुळात मॉलची नाही. आजच्या तुर्कस्तानात मायरा नावाचं गाव होतं, तिथले बिशप निकोलस. त्यांच्याबद्दल सांगतात ती कथा अशी. एका गरीब बापाच्या तीन मुली. हुंड्याला पैसा नाही, म्हणून लग्नं अडली, मुलींवर नको ती वेळ यायची पाळी. निकोलस रात्री गुपचूप खिडकीतून सोन्याच्या थैल्या टाकून गेले. दिलं कुणी ते कळू नये म्हणून अंधारात. हुंड्यापायी अडलेल्या पोरी! ही गोष्ट समजायला महाराष्ट्रातल्या माणसाला भाषांतर लागतं का?

आता "परकीय सण" या शब्दावर येऊ.

आपल्या नगर जिल्ह्यात अमेरिकन मराठी मिशननं १८३१ साली काम सुरू केलं. "ज्ञानोदय" हे नियतकालिक १८४२ मध्ये नगरलाच निघालं. हे साहेब लोक बोस्टनच्या संस्थेचे, न्यू इंग्लंड भागातून आलेले. आता त्यांच्या त्या भागाचा इतिहास बघा. तिथल्या मॅसॅच्युसेट्स वसाहतीत १६५९ साली कायदाच केला होता, नाताळ पाळताना कुणी सापडला तर पाच शिलिंग दंड! बायबलात येशूच्या जन्माची तारीख दिलेली नाही, मग सण कसला, हा निव्वळ खाण्यापिण्याचा धिंगाणा, असं त्या कडक प्युरिटन लोकांचं म्हणणं. १६८१ मध्ये तो कायदा गेला, पण नावड काही लगेच गेली नाही. नाताळची सरकारी सुट्टी त्या राज्यात झाली १८५६ साली. म्हणजे नगरला मिशन येऊन पंचवीस वर्षं झाल्यावर!

मिशनऱ्यांचा काही संबंध नाही असं मी म्हणत नाही. पण करंजी, चकली, ढोलकी, अंगणात चांदणी, शेजाऱ्याला ताट, हे कुठल्या बोटीतून उतरलेलं नाही. ते इथल्या बायकांनी चुलीपुढं बसून घडवलंय. जुना सण सुटला तेव्हा नव्या सणाच्या ताटात त्यांनी स्वतःच्या हातचंच वाढलं. दुसरं काय वाढणार होत्या?

शब्दाचं म्हणाल तर "नाताळ" पोर्तुगीजांकडून आला, खरं आहे. तसा "बटाटा" पण त्यांच्याकडूनच आला आणि "पाव" पण. वडापाव सोडणार आहात का? गोव्यात घरोघर नेवऱ्या होतात, ती आपल्या करंजीची सख्खी बहीण. ताट शेजारी पाठवायची रीत तिथंही आहे. वसईच्या गावांतून पोरं गोठे मांडायला रात्री जागवतात, गणपतीच्या आराशीला आपण जागतो तशी. आणि फादर स्टीफन्स नावाच्या इंग्रज पाद्र्यानं गोव्यात बसून "ख्रिस्तपुराण" लिहिलं, ते १६१६ मध्ये छापलं. मराठीत, ओवीछंदात, जवळपास अकरा हजार ओव्या. शिवाजी महाराजांचा जन्म व्हायचा होता तेव्हा येशूजन्माची कथा मराठी ओवीत आली होती. रेव्हरंड टिळक आणि लक्ष्मीबाई राहुरी-नगरकडं राहिले. टिळकांची भजनं आजही देवळात म्हणतात (हो, आमच्याकडचे ख्रिस्ती लोक चर्चला देऊळच म्हणतात), आणि "स्मृतिचित्रे" तर मराठी वाचणाऱ्या कुणाला सांगायला नको.

आता जरा अवघड भाग. हा टाळून पुढं गेलो तर पत्रकार म्हणवून घ्यायला लाज वाटेल.

गुरुजींची चांदणी निदान इतकी वर्षं पुढच्या दारात होती. आमच्या तालुक्यात अशीही घरं आहेत जिथं ती कधीच लागली नाही. वस्तीवरचं एक घर मला माहीत आहे, कोणतं ते सांगणार नाही. आजोबांनी येशूचं नाव घेतलं, कागदावर काही बदललं नाही. नातवाला भरतीचा फॉर्म भरायचाय. म्हणून चोवीसच्या रात्री करंज्या तळतात त्या दार लावून, आणि गाणं म्हणतात ते दबक्या आवाजात.

कारण असं. राष्ट्रपतींच्या १९५० च्या आदेशानुसार अनुसूचित जातीचा दर्जा फक्त हिंदूंना होता. १९५६ मध्ये त्यात शीख आले, १९९० मध्ये बौद्ध आले. ख्रिस्ती आणि मुसलमान आजही बाहेर. सुप्रीम कोर्टात प्रकरण कित्येक वर्षं पडून आहे. २०२२ मध्ये केंद्रानं माजी सरन्यायाधीश के. जी. बालकृष्णन यांच्या अध्यक्षतेखाली आयोग नेमला.

कुणी म्हणेल, बघा, हीच ती लबाडी, फायदा इथला आणि देव तिथला. कायद्याचा वाद कोर्टात होऊ द्या, दोन्ही बाजूंना मुद्दे आहेत. माझा प्रश्न गावाला आहे. त्या आजोबांनी देव बदलला तेव्हा गावानं त्यांची जात विसरली का? सोयरीक जुळवताना विसरली? भांडणात शिवी देताना विसरली? आणि खरं सांगायचं तर देवळातसुद्धा सगळीकडं विसरली गेली असं नाही, हे ख्रिस्ती मित्रच खासगीत कबूल करतात. मग सगळ्यांनी जात लक्षात ठेवायची, आणि त्या पोरानं मात्र स्वतःच्या घरातला सण विसरायचा? जो सण साजरा करायला दाराला कडी लावावी लागते, त्या सणाची करंजी गोड कशी लागत असेल, मला सांगता येत नाही.

दुसरी बाजू पण मांडतो, नाहीतर म्हणाल एकतर्फी लिहितो. धर्मांतराचा मुद्दा. कुणी पैशाचं आमिष दाखवून, आजार बरा करतो सांगून, गरिबाला फसवत असेल तर तक्रार करा. पुरावा घेऊन माझ्याकडं या, मी बातमी लावतो. पण त्या कुणाचा तरी हिशेब गुरुजींच्या चांदणीकडं का मागायचा? आपल्यातला एखादा बुवा पैसे खाऊन पळाला, तर आपल्या दारातला आकाशकंदील कुणी उतरवायला सांगतं का?

राग आपल्याला आहे बाजारावर, शाळेच्या सक्तीवर, टीव्हीवर. पण मॉलवाल्याला आपण काही करू शकत नाही. त्याची चाळीस फुटी झाडं तशीच उभी राहतात, उलट आपणच तिथं जाऊन सेल्फी काढतो. मग राग निघतो तो ज्याच्यापर्यंत हात पोचतो त्याच्यावर. म्हणजे शेजाऱ्यावर. सांताचं काही बिघडत नाही, गुरुजींची चांदणी मागच्या दारी जाते.

तुळशीबद्दल. आमच्या दारात वृंदावन आहे. आई रोज संध्याकाळी दिवा लावते, पन्नास वर्षं. तुळशीचं लग्न आम्ही कार्तिकात लावतो, ऊस, चिंचा, बोरं, आवळे घालून. २५ डिसेंबरलाही ती दिवा लावणारच आहे, तिला फॉरवर्डनं आठवण करून द्यायची गरज नाही. तुळस ही लावायची गोष्ट आहे, कुणाच्या विरोधात उभी करायची नाही. आणि २५ डिसेंबर ही तारीख काय एकट्या नाताळची आहे? महाडला बाबासाहेबांच्या नेतृत्वाखाली मनुस्मृतीचं दहन झालं ते १९२७ च्या २५ डिसेंबरला. अटलजींचा जन्मदिवस तोच. एका तारखेत एवढं सगळं मावतं, मग एका गल्लीत एक कंदील आणि एक चांदणी मावत नाही?

आता माझ्या स्वतःच्या चुकीबद्दल. वीस वर्षं पत्रकारिता करतोय. दर २६ डिसेंबरला माझी बातमी ठरलेली असते, "शहरात नाताळ उत्साहात साजरा". एक फोटो चर्चचा, एक सांताचा. वीस वर्षांत मी एकदाही लिहिलं नाही की काही घरांत तो दबक्या आवाजात साजरा झाला. विचारलंच नाही. आणि यंदा तर मेसेज डोळ्यासमोर होता, बोट स्क्रीनवर होतं, तरी गप्प बसलो. त्या तीन इमोजींपेक्षा माझं गप्प बसणं गुरुजींना जास्त लागलं असणार. इमोजी टाकणारा पोरगा काल-परवा राहायला आलाय. माझी मुंज त्यांनी बघितलीय.

म्हणून काल ग्रुपवर लिहिलं, "दिवाळीचा कंदील आणि नाताळची चांदणी दोन्ही या गल्लीचेच आहेत. कुणाच्या दारावर नजर ठेवायचे मेसेज इथं चालणार नाहीत. ॲडमिन." दोघे ग्रुप सोडून गेले. अकरा जणांनी हात जोडले. बाकीच्यांनी वाचलं आणि गप्प बसले, मी बसलो होतो तसेच. त्यांना मी नावं ठेवू शकत नाही.

तुम्हाला सांगायचं ते एवढंच. तुमच्याही गल्लीत, वाडीत, सोसायटीत एखादं असं घर असेल. त्यांच्याकडून ताट आलं तर दारातूनच "आम्हाला चालत नाही" म्हणू नका. केकमध्ये अंडं आहे का हे विचारायला हरकत नाही, आमची आई पण विचारते, मावशी तिच्यासाठी बिनअंड्याचा वेगळा करतात. ताट रिकामं परत करू नका, निदान चिमूटभर साखर घालून पाठवा, आपल्या आज्यांनी हेच शिकवलंय. पंचवीसला सकाळी जाऊन बसा जरा वेळ. आणि ग्रुपवर असला मेसेज आला तर दुसऱ्या दिवसाची वाट बघू नका. मी बघितली, त्याची किंमत दुसऱ्याच्या दाराला पडली.

काल संध्याकाळी शिडी घेऊन परत गेलो होतो. म्हटलं, "गुरुजी, चला, पुढं लावू."

गुरुजी म्हणाले, "यंदा राहू दे. पुढच्या वर्षी बघू."

मी आग्रह केला नाही. धीर एकदा गेला की तो शिडीनं चढत नाही, एवढं मला कळतं. शिडी मात्र तिथंच, त्यांच्या पुढच्या भिंतीला टेकवून आलोय. आणायला जाणार नाही इतक्यात.

निघताना मावशींनी विचारलं, "पंचवीसला येतोयस ना? आणि तुझ्या आईला सांग, खसखस यंदा कमी घातलीय."

नाताळच्या शुभेच्छा सगळ्यांना. पटलं नसेल तर खाली जरूर लिहा, वाद घालू. फक्त भाषा अशी ठेवा की गुरुजी वाचतायत. कारण ते वाचतात.